राखेखालचं ऊन

अंदमानातल्या ज्वालामुखीच्या त्या बेटावर माणूस राहत नाही. जमीन थरथरली की संदेश पाठवणारं आमचं यंत्र तिथे उन्हावर चालायचं, आणि कालपासून त्याचे संदेश थांबले होते. डोंगर शांत झाला की यंत्र बंद पडलं, हे लांबून कळेना. म्हणून मी आणि माझी सहकारी मीनल बोटीने तिथे पोचलो.

सौर पॅनेलवर राखेचा जाड थर बसला होता. मीनल ओल्या फडक्याने तो पुसू लागली, मी पॅनेल धरून ठेवलं.

"सर, तुमचा हात थरथरतोय."

"माझा नाही गं. पॅनेलच थरथरतंय."

म्हणजे डोंगर शांत नव्हताच; मीनल भराभर पुसू लागली. घरच्यांचा फोन आला नाही की सगळं ठीक असेल, असं आपण किती सहज धरून चालतो! तेवढ्यात यंत्रावरचा दिवा लागला आणि पडद्यावरची रेघ वेड्यासारखी वरखाली नाचू लागली.

"पळ!" मी ओरडलो.

बोट किनाऱ्यापासून सुटली तेव्हा डोंगरातून पुन्हा राख उठत होती.

"अर्धंच पुसून झालं, सर," मीनल म्हणाली.

तेवढ्या उन्हावर यंत्र किती वेळ जागं राहील, कोण जाणे. आम्ही मान वळवून बघत राहिलो.