राक्षस पडायला तयार नव्हता

शारजात मी काही वर्षं देव होतो. वर्षातून एकदाच, गणपतीनंतरच्या एका शुक्रवारी, दुपारपुरता. बाकीचं वर्ष मी गाड्यांच्या सुट्या भागांच्या गोदामात स्टोअरकीपर होतो आणि रोल्ला भागातल्या दोन खोल्यांत एका बाईचा नवरा. पण त्या दुपारी, महाराज, माझा थाट बघायचा! डोक्यावर थर्माकोलचा मुकुट, त्यावर गिफ्टचा सोनेरी कागद. खांद्यांना पट्ट्यांनी बांधलेले स्पंजचे दोन जादा हात. मी उजवीकडे वळलो की ते डावीकडच्या माणसाच्या नाकावर बसायचे. आणि सुदर्शनचक्र म्हणून सोनेरी रंग मारलेली क्लच प्लेट. ट्रकची पेलवेना, म्हणून छोट्या गाडीची घेतली होती.

आम्ही तळकोकणातली माणसं, त्यामुळे खेळ दशावताराचा. त्यात लिहिलेलं नाटक नसतं. कथा ठरलेली, बोलणं ज्याचं त्याने जागच्या जागी रचायचं. शेवट मात्र पक्का. राक्षस देवाला खडे सवाल करतो, देव त्याला निरुत्तर करतो, चक्र फिरतं, राक्षस पडतो. राक्षस पडल्याशिवाय आरती नाही, आणि आरतीशिवाय जेवण नाही.

खेळ व्हायचा औद्योगिक क्षेत्रातल्या एका गॅरेजच्या शेडमध्ये. गॅरेजचे मालक रायगडकडचे मुसलमान, सगळे त्यांना चाचा म्हणत. जुम्म्याची नमाज उरकून ते शेड रिकामी करून देत आणि पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसत. "मी तुमचा राक्षस बघायला येतो," ते मला तोंडावर सांगत. "देव काय, आहे आपला."

खरंच होतं त्यांचं. आमचा राक्षस म्हणजे चीज होती. शेजारच्या गल्लीतल्या गॅरेजात डेंटर, ठोकलेल्या गाड्यांचे पत्रे सरळ करणारा. एरवी मान खाली घालून चहा पिणारा माणूस. तोंडाला रंग लागला की पत्र्याचं छप्पर थरथरायचं.

एका वर्षी मात्र तो उभा राहील असं कुणालाच वाटलं नव्हतं. त्याचा धाकटा भाऊ नुकताच गेला होता. त्यानेच आपल्या मालकाच्या हातापाया पडून भावाला व्हिसा मिळवून दिला होता, त्याच गॅरेजात. भाऊ ट्रेलरखाली काम करत असताना जॅक बसला आणि ट्रेलर अंगावर आला. जॅक तेल गळतोय हे आमच्या राक्षसाने मालकाला सांगितलं होतं, एकदा नव्हे. "पुढच्या आठवड्यात नवा आणू," मालक म्हणायचा. भावाची शवपेटी गावी गेली ती एकटीच; ह्याचा पासपोर्ट मालकाकडे, आणि मालक म्हणाला, सीझन आहे, सुट्टी नाही.

मी म्हटलं, "यंदा राहू दे रे. दुसरा कोणतरी करेल."

"नाय दादा," तो म्हणाला. "यंदा तर मीच करतलंय."

खेळ झकास चालला होता. राक्षस गर्जला, मी मंद हसलो. देवाने मंदच हसायचं असतं, नाहीतर मुकुट हलतो. मग सवाल-जवाब सुरू झाले.

"हे देवा, तू दयाळू म्हणवतोस, मग या जगात दुःख का?"

हे दरवर्षीचंच. मी हात उचलला, स्पंजचे दोनही उचलले गेले. "हे असुरा, ज्याचं त्याचं कर्म!"

"विशीतल्या पोराचं कर्म ते कसलं?"

हे दरवर्षीचं नव्हतं. मी पवित्रा बदलला. "मी तुम्हांला स्वातंत्र्य दिलं. तुम्ही बंड केलंत, पाप केलंत. मी हात धरला असता तर तुम्ही बाहुल्या झाला असता."

तो प्रेक्षकांकडे वळला. "ऐकलात? पासपोर्ट मालकाच्या कपाटात, आणि ह्यो माका स्वातंत्र्य सांगता!"

अशा टाळ्या पडल्या की विचारू नका. मीही हसलो, खोटं कशाला बोलू, मजा येत होती. वाटलं, आज गडी रंगात आहे. मी ठेवणीतलं काढलं. "मूढा, ही सगळी माझी लीला!" आणि चक्र फिरवलं.

तो पडला नाही.

मी पुन्हा फिरवलं. मृदंगवाल्याने पुन्हा थाप दिली. तो तसाच उभा.

"अरे मेल्या, पड!" मागून कुणीतरी ओरडलं. "उसळ थंड होता!"

"यल्ला, चल देवा, खलास कर!" चाचा म्हणाले. "सांज झाली, मगरीबची अजान होईल आता."

"मी पडूचंय नाय," तो म्हणाला. आवाज राक्षसाचा नव्हता. चहा पिणाऱ्या माणसाचा होता. "जॅक गळता ता मालकाक म्हायत होता. तुकाय म्हायत होता. मग मालकात नि तुझ्यात फरक काय, ता सांग. मगे पडतंय."

मला लहानपणापासूनची सगळी कीर्तनं येत होती. देव परीक्षा बघतो, देव आपल्याबरोबर रडतो, देवाचा हिशेब माणसाला कळत नाही. एकेक वाक्य ओठांपर्यंत आलं. पण समोर त्याचं तोंड होतं, रंगावरून घाम ओघळत होता, आणि मी देव होतो. अभिनयाच्या आयुष्यातला माझा हा एकमेव अस्सल प्रसंग, आणि त्यात मला संवाद नव्हता.

तो हातातली तलवार माझ्या पायाशी ठेवून बाहेर गेला.

आरती करावी की नाही यावर वाद झाला. शेवटी चाचांनीच सांगितलं, "वाढा रे, माणसं उपाशी आहेत." मी मुकुटासकट बाहेर गेलो. तो जुन्या टायरांवर बसला होता.

"अरे, मला कुठे बाबा माहीत असणार?" मी म्हटलं. "मी स्टोअरकीपर."

"ता म्हायत हा माका," तो म्हणाला. "देवळातलो देव बोलणा नाय. म्हटलंय, तू तरी बोलतलंस."

मी त्याच्या शेजारी बसलो. माझा एक स्पंजचा हात त्याच्या पाठीवर पडला होता. तो त्याने काढला नाही, आणि माझा खरा हातही काही उपयोगाचा नव्हता.

घरी जाताना मागच्या सीटवरून माझी मुलगी म्हणाली, "बट पप्पा, यू डिडन्ट आन्सर हिम."

"नाही," मी म्हटलं.

"डू यू नो द आन्सर?"

बायकोने तिला खिडकीबाहेर बघायला सांगितलं.

तो पुढे अबुधाबीतल्या रुवैसला गेला, दुसऱ्या मालकाकडे. पुढच्या वर्षी एका नव्या माणसाने राक्षस केला. मी चक्र उचलायच्या आतच तो धाडकन पडला. आरती वेळेवर झाली, उसळ गरम होती. टाळ्या पडल्या तेव्हा मी मंद हसलो. चाचा मात्र मध्येच उठून बाहेर जाऊन उभे राहिले होते. त्यानंतर मी देवाचं काम सोडलं. लोकांना सांगितलं, पोट सुटलंय.

नंतर मी बऱ्याच शहाण्या माणसांना त्या डेंटरचा सवाल विचारला. सगळ्यांकडे उत्तर होतं, काहींकडे दोन-तीन. ऐकताना पटतातही. मग मी तेच उत्तर त्याच्यासमोर उभं राहून मोठ्याने म्हणतोय अशी कल्पना करतो, आणि पहिल्या शब्दालाच थांबतो.