टू-सेव्हनचं खरं नाव

न्हिया चोंग आजोबांची नक्कल करायची तर उजवा कान हातानं पुढं ओढायचा आणि ओरडायचं, "काय? कोण मेलं?" डावा कान बॉम्बनं नेलाय. आमच्या डोंगरात कुणी गेलं की पहिलं बोलावणं त्यांनाच, कारण ते वाट दाखवतात. मढ्याच्या उशाशी उभं राहून गातात. माणूस जिथं जिथं राहिला त्या प्रत्येक गावाचे आभार मानत मागं मागं जायचं, पार जन्मघरापर्यंत. तिथं जन्मताना पडलेली वार पुरलेली असते. आम्ही तिला अंगरखा म्हणतो. जिवानं तो अंगावर चढवला की पूर्वजांकडं जायला मोकळा. गाव चुकलं की उघडाच भटकतो.

पोरवयात आजोबा परदेशी गुप्तहेरांनी पोसलेल्या फौजेत वायरलेसवर होते. या लढाईचा बाहेर कुणाला पत्ताच नव्हता. आभाळातून तांदूळ पडायचा, बॉम्बही आभाळातूनच. साहेबलोक एक दिवस उठून गेले, बॉम्ब शेतात राहिले. म्हणून आजोबांच्या गाण्यात जुन्या ओळींच्या मध्येच येतं, "इथं डावीकडून जा गं बाई, जमिनीत अजून आहेत." मेलेल्या माणसाला! मला हसू फुटायचं.

शेजारची ब्लिया आजी गेली तेव्हा मी तिथंच होते. तिच्या पायात तागाचे जोडे, उशाशी कोंबडा.

"तोंग, तुझ्या आईचा जन्म कुठला?" आजोबांनी विचारलं.

"टू-सेव्हन," तोंगकाका म्हणाले. "विमानं उतरायची ते. एवढंच म्हणायची. आईबाप पळापळीत गेले, ही तेव्हा रांगत होती."

आजोबांनी मान डोलावली. त्यांच्या तोंडीही तेच नाव. गाणं सुरू झालं. गावामागून गाव आलं, प्रत्येक ठिकाणी कौल घ्यायला बांबूच्या दोन फाका जमिनीवर टाकल्या आणि त्या "हो" पडल्या. जन्मगाव आलं आणि आजोबांचा सूरच बदलला. खणखणीत, नाकातून, "टू-सेव्हन! टू-सेव्हन!"

फाका "नाही" पडल्या. पुन्हा टाकल्या, पुन्हा नाही. तोंगकाकांचा चेहरा उतरला. "आजोबा, आईला अशी वाटेत सोडू नका हो."

तेवढ्यात अंगणातून कुणीतरी खिंकाळून हसलं. लाकडं फोडत होते वा लेंग आजोबा, पलीकडच्या फौजेतले. लढाई संपल्यापासून दोघांचं बोलणं बंद. (यांची नक्कल करताना ओठ आत ओढायचे, दात नाहीत.)

"हाच तो आवाज! याच आवाजात रोज माझ्या डोक्यावर विमानं बोलवायचास की रे! बाईला काय वायरलेस लावतोस?"

"काय म्हणतोय तो?"

"तुमचा आवाज ओळखीचा आहे म्हणे!" तोंगकाका कानात ओरडले.

"असणारच! वायरलेसवर मध्येच घुसून आईवरून शिव्या द्यायचा, त्याही आपल्याच भाषेत!"

मयताच्या घरात लोकांनी तोंडाला पदर लावले, खोकले काढले. पण आजोबा हसले नाहीत. फाका हातात घेऊन उंबऱ्यापर्यंत गेले.

"भाऊ," ते म्हणाले. "तू तिथलाच. गावाचं खरं नाव सांग."

वा लेंग आजोबांनी कुऱ्हाड खाली ठेवली.

"दे न्जुआ. हिरवं पाणी. टू-सेव्हन तुमच्या साहेबांचं. धावपट्टीसाठी त्यांनी आमच्या घराचा मधला खांब उपटला. माझा अंगरखा त्याच्याखाली होता. म्हणून तर तिकडच्या फौजेत गेलो मी."



आमच्या भाषेत सूर हलला की अर्थ पालटतो. सांगणारा बोळका, ऐकणारा बहिरा. तोंड कानाला लावून वा लेंग आजोबा ते नाव सांगत राहिले, दोघांचा सूर एक होईपर्यंत. मग आजोबा वळले आणि ब्लिया आजीला हळूच, घरच्या आवाजात म्हणाले, "दे न्जुआ आलं, बाई. अंगरखा घे."

फाका पडल्या. हो.



वा लेंग आजोबा पुन्हा लाकडांकडं वळले. "आता विसरू नकोस. मलाही तिथंच जायचंय."

"आणि मीच आधी गेलो तर?"

"मी आधी जाणार. तेवढं तरी मला जिंकू दे."

आता रोज संध्याकाळी वरच्या घरातून खणखणीत आवाज येतो, "दे न्जुआ! दे न्जुआ!" आणि खालच्या आळीतून बोळकं उत्तर, "ऐकू आलं!"