वीरगळ पाहायला गेलो, फ्लॅट पाहून आलो

नवऱ्याच्या कंपनीच्या ग्रुपवर फ्लॅटची जाहिरात आली: 'प्राचीन वीराच्या सान्निध्यात राहा!' खाली वीरगळाचा फोटो. लढाईत मेलेल्या माणसाचा स्मृतिदगड बघून लोक घर घेतील असं कुणाला वाटलं, ते पाहायलाच मी निघाले. नवऱ्याला नाश्त्याचं आमिष पुरलं.

सदाशिव पेठेतून सकाळी लवकर निघा, नाहीतर हडपसरला गाडीतच म्हातारपण येतं. लोणी काळभोरला मिसळ खाल्ली. झणझणीत, स्वस्त, आणि जादा पाव मागितला तरी मालक हसतो. पुण्यात राहणाऱ्याला हे जरा जड जातं. पुढे ऊस संपला की इमारती लागतात.

गेटवर आमच्या पुढे एक टेम्पो अडवला होता. आत नवरदेव, त्याचे वडील आणि हळदीचं ताट घेतलेली आत्या. वीर त्यांचा पूर्वज. लग्नाची पहिली हळद त्याच्या पायांना, मगच नवऱ्यामुलाला, ही घरची रीत.

"कोणाकडे जायचंय?" वॉचमनने विचारलं.

"वीराकडं," वडील म्हणाले.

"फ्लॅट नंबर?"

"आरं, फ्लॅटच्या आधीपास्नं हाय त्यो हितं!"

"आतून फोन आल्याशिवाय सोडता येत नाही."

"हळद अशीच माघारी न्यायची व्हय?" आत्याचे डोळे भरून आले.

माझं डोकंच फिरलं. "सगळे आमच्याबरोबर आहेत. फ्लॅट बघायला आलोय," मी ठोकून दिलं. गेट लगेच उघडलं, वर सगळ्यांना सरबत मिळालं.

वीरगळ कारंज्याच्या मधोमध, सिमेंटात रोवलेला. वर चंद्रसूर्य, मग शिवलिंगाची पूजा करणारा वीर, मग त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, त्याखाली लढाई. त्याच्याही खाली गाईंजवळ मरून पडलेला वीर असतो. इथे तो दिसेना.

"खालचा भाग?" मी विचारलं.

"मॅडम, डेड बॉडी वास्तूला निगेटिव्ह ना," सेल्सवाला उत्साहाने म्हणाला. "म्हणून सिमेंटच्या आत घेतली."

थोडक्यात, यांचा वीर न मरताच स्वर्गात पोचला होता. पझेशनसुद्धा वेळेत.

"पाय कुठं हाईत मग?" आत्याने विचारलं. तिने पदर खोचला, कारंज्यात उतरली आणि दोन्ही हातांनी हळद सिमेंटवर दाबली. मग तेच हात भाच्याच्या गालांना लावले. मला रडू आलं.

"डाग जाईल ना हो?" सेल्सवाल्याने विचारलं.

तुम्हाला तिथे जायचं असेल तर गेटवर वीराचं नाव काढू नका, टू-बीएचके म्हणा. फ्लॅट आम्ही घेतला नाही. पण आठवडाभर सेल्सवाल्याचे फोन येत होते: "मॅडम, तुमच्याबरोबरची फॅमिली कधी बुक करतेय?"

शेवटी सांगितलं, "त्यांच्यातले एक आधीच राहायला आलेत. त्यांचे पाय तेवढे मोकळे करा."