तांदळाने भरलेली सॅक

सकाळची गोष्ट डोक्यातून जात नाहीये. शेजारच्या काकी आपल्या या ग्रुपवर नाहीत, म्हणूनच लिहायची हिंमत करतेय.

तुम्हाला माहीतच आहे, पुढच्या महिन्यात मी एकटी युरोपात ट्रेनने फिरायला निघणार आहे. पाठीवर ओझं घेऊन चालायची सवय व्हावी म्हणून आज नव्या सॅकमध्ये तांदूळ भरले आणि खालापूरच्या रस्त्याने चालायला लागले.

फाट्यावर त्या काकी भेटल्या. त्यांनी सॅककडे पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हाताला धरून मला एसटीच्या शेडमध्ये बसवलं.

"मारतो काय गं तुला?"

मला आधी कळेचना. कळलं तेव्हा हसूच आलं. "नाही हो काकी, ह्यांनीच सॅक उचलून दिली. फिरायला जायचंय ना, त्याची सवय करतेय."

काकी हसल्या नाहीत. सॅकचा पट्टा धरून बसून राहिल्या.

"मी पन निघाले व्हते एकदा. पिशवी घेऊन हितवर आले."

"मग?"

"यष्टी आली गं. पन बसून जायाचं कुटं, तेच कळंना."

महिनाभर मी हेच ठरवत बसलेय, कुठून कुठे जायचं. कुठल्या स्टेशनवर गाडी बदलायची तेही मला पाठ आहे.

संध्याकाळी काकींचे यजमान, आमचे काका, नेहमीसारखे त्यांच्या ओट्यावर बसले होते. "काय, कुठवर आली तयारी?" त्यांनी हसत विचारलं. दारात काकी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"चाललीय," एवढंच म्हणून मी घरात आले. तुम्ही काय बोलला असता?