फाटकातली घंटी

भिलाईत माझ्या समोरच्या क्वार्टरमधल्या गृहस्थांचं नाव मला ठाऊक नाही. ड्युटीवरून आले की फाटकातच सायकलची घंटी वाजवतात. बायकोनं चहा चढवावा म्हणून ती खूण. बायको जाऊन वर्ष झालं, तरी वाजवतात. मग दार उघडायला लागेल इतका वेळ मान कलती करून थांबतात आणि खिशातून किल्ली काढतात.

एकदा मी विचारलंच, "आता कोणासाठी वाजवता, भाऊ?"

घंटीवरची धूळ अंगठ्यानं पुसत म्हणाले, "आयकाले कोणी नाही, तरी ते वाजते का, तेच पाहून राहिलो, ताई."

मीही एकटीच राहते. संध्याकाळी खुर्चीत डोळा लागलेला असतो, घंटी होते, आणि अर्धवट झोपेतच मी चहाचं पातेलं चढवते. पाणी दोघांचं पडतं.

हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.