हवा नऊ मिनिटं

बसच्या वेळापत्रकात थोडी हवा ठेवावी लागते. दोन थांब्यांमधला रस्ता बारा मिनिटांचा असला, तर कागदावर चौदा लिहायची. वरची दोन मिनिटं ती हवा. पण वेळापत्रक विभागात हवा फुकट मिळत नाही, तिच्यापुढे कारण लिहावं लागतं. ‘हवा दोन, कारण: रेल्वे फाटक.’ ‘हवा तीन, कारण: शाळा सुटते.’ कारण पटलं नाही की साहेब मिनिटं कापतात. मिनिटरावांनी चौतीस वर्षं या विभागात काढली आणि शेवटची अकरा वर्षं तर साहेब तेच होते. दुसऱ्यांची मिनिटं त्यांनी इतक्या निर्दयपणे कापली की ड्रायव्हर लोकांनी त्यांचं हे नाव ठेवलं. त्यांनाही ते मनातून आवडलं असावं. निवृत्तीच्या दिवशी मिळालेल्या स्टॉपवॉचवर तेच नाव कोरलेलं होतं, आणि ते स्टॉपवॉच त्यांच्या खिशातून कधी हललं नाही.

गंमत अशी की कागदावर हजारो बस पळवणाऱ्या या माणसाने स्टिअरिंगला जन्मात हात लावला नव्हता. घरची गाडी चालवायच्या त्या सिस्टर, म्हणजे त्यांची बायको. सरकारी दवाखान्यातून मुख्य परिचारिका म्हणून निवृत्त होऊन त्यांना तीन वर्षं झाली होती, तरी सगळी आळी त्यांना सिस्टरच म्हणायची. मिनिटरावही लाडात आले की तसंच म्हणत. वॉर्डात सिस्टर चालायला लागल्या की मागची शिकाऊ पोरं अक्षरशः पळत, अशी त्यांची ख्याती होती.

युरोपला जायचं हे दोघांनी लग्नाच्या दुसऱ्या वर्षी ठरवलं होतं. मग मुलगी झाली, घर झालं, सासूबाईंचं आजारपण झालं, आणि युरोप आपला जागच्या जागी राहिला. दोन वर्षांपूर्वी मिनिटरावांच्या छातीत पाणी झालं, महिनाभर खाटेवर होते. त्यातून उठल्यावर मात्र त्यांनी जाहीर केलं, “आता जायचं. मी खडखडीत बरा आहे.” डॉक्टरांनीही जा म्हटलं, फक्त धावपळ करू नका एवढं सांगितलं. शेवटचं वाक्य मिनिटरावांनी ऐकलं नाही. नको ते ऐकू न येण्याची कला त्यांनी नोकरीत कमावली होती.

मुलगी दुसऱ्या शहरात होती. ती फोनवर म्हणाली, “बाबा, सरळ एखाद्या टूरबरोबर जा ना. सगळं तेच बघतात.”

“म्हणजे कोणीतरी झेंडा धरून पुढे चालणार आणि मी मेंढरासारखा मागे? चौतीस वर्षं लोकांना वेळेवर पोचवलंय मी. बायकोला पोचवता येणार नाही?”

झालं. मोठी वही आली, पट्टीने रकाने आखले गेले. पोहोच, सुट, हवा, कारण. तीन देश, एकवीस दिवस. शहरांमध्ये आगगाडी आणि ट्राम, शेवटचा आठवडा डोंगरात, तिथे भाड्याची गाडी. सिस्टर चालवणार, मिनिटराव शेजारी बसून नकाशा बघणार. “तू ड्रायव्हर, मी कंडक्टर. मी डबल बेल मारल्याशिवाय गाडी सोडायची नाही,” असं त्यांनी बजावून ठेवलं. सिस्टरांनी आंतरराष्ट्रीय परवाना काढला आणि गिअर हाताने बदलायचीच गाडी हवी असा हट्ट धरला. आपोआप चालणाऱ्या गोष्टींवर त्यांचा विश्वास नव्हता. सलाइनसुद्धा त्या दर तासाला स्वतः जाऊन बघत.

सगळ्या सहलीत सिस्टरांची मागणी एकच होती. त्यांच्या ड्यूटी-रूममध्ये एके वर्षी औषध कंपनीचं कॅलेंडर लागलं होतं. त्यातल्या एका पानावर तळं होतं, मागे डोंगर, पुढे लाकडी धक्का आणि त्याला बांधलेली लाल होडी. तो महिना संपला तरी सिस्टरांनी पान उलटू दिलं नाही. वर्ष संपल्यावर चित्र कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं, आणि बावीस वर्षं पाळी सुरू करताना एकदा त्याच्याकडे बघून मगच एप्रन चढवला. चित्राखाली तळ्याचं नाव बारीक अक्षरांत होतं. इतकं लांबलचक की मिनिटरावांना ते नकाशावर शोधायला एक अख्खी दुपार लागली. सापडलं तेव्हा त्यांनी घर डोक्यावर घेतलं.

मिनिटरावांना स्वतःला बघायचं होतं एक घड्याळ. तिकडच्या एका शहरात नगरभवनाचं जुनं घड्याळ दर शनिवारी सकाळी आठला हाताने चावी देऊन चालवतात, आणि लोकांना ते खालच्या दालनातून बघू देतात. हे वाचल्यापासून त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं.

तळं आणि घड्याळ एकाच शनिवारी आली. आठला चावी, नऊ वाजून चारला गाडी, दहा एकवीसला जंक्शन. तिथून तळ्याकडची छोटी आगगाडी दहा अठ्ठावीसला. ती जिथे सोडते तिथलं भाड्याच्या मोटारीचं दुकान शनिवारी बाराला बंद, ते थेट सोमवारी उघडणार. छोटी गाडी दर दोन तासांनी. दहा अठ्ठावीस चुकली की दुकान चुकलं, मोटार गेली, तळं गेलं. हातात मिनिटं सात, आणि मध्ये एक पूल. नकाशावरून मोजला तर छप्पन्न पायऱ्या.

सात मिनिटं म्हणजे चैन आहे, असं मिनिटराव आधी म्हणाले. पण सवय वाईट. रस्ता स्वतः तपासल्याशिवाय त्यांनी आयुष्यात कधी वेळ लिहिली नव्हती. आणि गेलं वर्ष-दीड वर्ष एक गोष्ट त्यांना खुपत होती. सिस्टर हळू चालायला लागल्या होत्या. बाजारात, जिन्यात, कुठेही. त्यांच्या डोळ्यांना ते दिसत होतं आणि तोंडाने बोलवत नव्हतं. बायको म्हातारी होतेय हे कोणत्या रकान्यात लिहायचं?

गावाच्या कडेला रेल्वे स्टेशन होतं आणि तिथला पूलही तेवढाच, अठ्ठावन्न पायऱ्यांचा. “संध्याकाळी जरा स्टेशनकडे फिरायला जाऊ,” मिनिटराव म्हणाले. सिस्टर लगेच तयार झाल्या. एक नंबर फलाटाच्या बाकापासून चार नंबर फलाटाच्या बाकापर्यंत दोघं रमतगमत गेले. मिनिटरावांनी खिशातल्या खिशात अंगठ्याने कळ दाबली होती. वीस पायऱ्या झाल्यावर सिस्टर थांबून चपलेचा पट्टा नीट करू लागल्या. मधल्या टप्प्यावर चष्मा पुसला. वर पोचल्यावर कठड्याला टेकून म्हणाल्या, “किती छान दिसतं नाही इथून?” खाली मालगाडीचे डबे आणि एक गंजलेली टाकी होती.

नऊ मिनिटं, दहा सेकंद. दुसऱ्या दिवशी नऊ पाच. तिसऱ्या दिवशी नऊ वीस, आणि चष्मा दोनदा पुसला.

मिनिटरावांना याचा एकच अर्थ लागला. गुडघे गेले हिचे, आणि आपल्याला सांगत नाही. सहल मोडू नये म्हणून सोसतेय. परक्या देशात, हातात बॅगा, डोळ्यांसमोर गाडी सुटतेय आणि ही पायऱ्यांवर कठडा धरून उभी, हे चित्र त्यांना सहन होईना. घरी येऊन त्यांनी वही उघडली आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘हवा नऊ मिनिटं लागते, मिळतात सात. कारण: तिचे गुडघे. तळं रद्द.’ त्या आठवड्याच्या जागी शहरातच मुक्काम घातला. मुलीला नवा आराखडा पाठवून दिला, आणि बायकोला योग्य वेळ बघून सांगू म्हणत गप्प बसले. ती योग्य वेळ चार दिवस काही आली नाही.

मुलीचा फोन आला तेव्हा मिनिटराव दाढी करत होते. “आई, तळं का गं गाळलंत? तुझं तेवढं एकच होतं ना?”

सिस्टर म्हणाल्या, “बघते,” आणि फोन ठेवून त्यांनी वही बघितली. मग चहा टाकला. मिनिटराव तोंड पुसत बाहेर आले तेव्हा कप समोर ठेवून त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, “चहा घ्या आणि चला स्टेशनवर.”

“आत्ता? सकाळी?”

“आत्ता. आणि ते घड्याळ घ्या. खिशात नाही, हातात धरून.”

मिनिटरावांनी निम्मा चहा तसाच सोडला. वॉर्डातला हा आवाज घरात फार क्वचित निघे, आणि निघाला की वाद घालायचा नसतो एवढं त्यांना चाळीस वर्षांत कळलं होतं.

एक नंबरच्या बाकावर सिस्टरांनी त्यांना बसवलं. “इथे बसा आणि मोजा. हं, दाबा कळ.”

आणि त्या निघाल्या. मिनिटराव बघतच राहिले. पाठ ताठ, पावलं छोटी आणि भरभर, वॉर्डाच्या त्या टोकाला घंटी वाजल्यावर निघावं तशी. पायऱ्यांवर हात कठड्याला नाही. चपलेचा पट्टा जागच्या जागी, चष्म्याला काही झालेलं नाही. पुलावरून गेल्या, पलीकडे उतरल्या आणि चार नंबरच्या बाकाशी उभं राहून त्यांनी हात वर केला. तीन मिनिटं, पन्नास सेकंद.

“आता तुम्ही या!” रुळांपलीकडून हाक आली. “सावकाश!”

ते ‘सावकाश’ मिनिटरावांना झोंबलं. ते तरातरा निघाले. वीस पायऱ्या झाल्या आणि छाती भात्यासारखी वरखाली व्हायला लागली. थांबावंसं वाटलं, पण थांबायला काही निमित्त नव्हतं. शेजारी कोणी चपलेचा पट्टा नीट करत नव्हतं. मधल्या टप्प्यावर त्यांना कठडा धरावाच लागला. इथे ती चष्मा पुसायची. रोज, बरोबर याच ठिकाणी. ते तसेच उभे राहिले आणि एकेक सगळं त्यांच्या डोक्यात उतरत गेलं, बाजारातल्या दुकानांपुढचं रेंगाळणं, जिन्यात मध्येच थांबून सांगितलेल्या गोष्टी, ती गंजलेली टाकी. दीड वर्ष ही बाई त्यांच्या दमानं चालत होती, आणि त्यांनी तिचेच गुडघे वहीत लिहिले होते.

चार नंबरच्या बाकावर ते टेकले तेव्हा घड्याळात नऊ मिनिटं होऊन गेली होती. सिस्टरांनी त्यांचं मनगट हातात घेतलं. नाडी बघतात तसं.

दम जरा बसल्यावर मिनिटराव म्हणाले, “किती?”

“बत्तीस.”

“नाडी बत्तीस?”

“नाडी कोण मोजतंय? श्वास.” सिस्टरांनी मनगट सोडलं नाही. “हात नुसता धरायचा असतो. श्वास मोजतोय हे पेशंटला कळलं की तो वेगळा श्वास घ्यायला लागतो. पहिल्या वर्षी शिकवतात आम्हाला.”

“म्हणजे दीड वर्ष तू...”

“मग काय करायचं? दमलात म्हटलं असतं तर तुम्ही थांबला असतात का? उलट दोन पावलं पुढे गेला असतात.”

हे इतकं खरं होतं की मिनिटरावांना हसू आलं, आणि हसताना खोकला आला. तो थांबेपर्यंत सिस्टर त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

“रागावलीस?”

“गुडघ्यांचा राग नाही हो.” सिस्टर रुळांकडे बघत होत्या. “माझं तळं खोडलंत, ते माझ्या काळजीपोटी खोडलंत, तेही कळलं. पण तुमचं घड्याळ तसंच ठेवलंत. त्याचं वाईट वाटलं.”

मिनिटरावांना खरंच ते दिसलं नव्हतं. आठ चारची गाडी त्यांना पाठ होती. ती धरली की जंक्शनवर नऊ एकवीसलाच पोचता येत होतं. पण आठला घड्याळाची चावी होती, म्हणून आठ चार त्यांनी विचारातसुद्धा घेतली नव्हती. अकरा वर्षं दुसऱ्यांची मिनिटं कापली, आणि आज कळलं की हात तसाच राहिला आहे. त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

“चुकलं माझं,” ते म्हणाले. हे दोन शब्द त्यांच्या तोंडून सहसा निघत नसत, म्हणून सिस्टरांनी वळून बघितलं.

परत जाताना दोघं पूल चढले. मधल्या टप्प्यावर मिनिटराव स्वतःहून थांबले. “चष्मा पूस,” ते म्हणाले. सिस्टर इतक्या हसल्या की त्यांना खरोखरच चष्मा काढून पुसावा लागला.

घरी आल्यावर वही उघडली गेली. मिनिटरावांनी ‘तळं रद्द’वर आडवी रेघ मारली. मग घड्याळाच्या ओळीवर मारायला गेले तेव्हा सिस्टरांनी पेन धरलं. “अहो, नका. दुसरं काही निघतंय का बघू.”

“काही निघत नाही, बघितलंय मी. आणि घड्याळं काय, खिशात एक आहेच.” त्यांनी रेघ मारली. हात जरा जड झाला, पण मारली. खाली लिहिलं, आठ चार सुट, नऊ एकवीस पोहोच, दहा अठ्ठावीस सुट.

“म्हणजे हवा किती झाली?”

“एक तास, सात मिनिटं.”

“तुमच्या खात्यात चालली असती एवढी?”

“घरी बसवलं असतं मला.”

“आणि एवढा वेळ करायचं काय तिथे?”

“बसू बाकावर. तू जंक्शनच्या त्या टोकाला जाऊन ये पाहिजे तर. मी मोजेन.”

एक रकाना रिकामा राहिला होता. मिनिटरावांनी ‘कारण’खाली एकच अक्षर लिहिलं, ‘मी’, आणि वही मिटून उठले. कप विसळायला म्हणून ते आत गेले, तेव्हा सिस्टरांनी वही पुन्हा उघडली.

दुसऱ्या दिवशी तिकिटं काढायला बसल्यावर मिनिटरावांना ते दिसलं. त्यांच्या ‘मी’च्या खाली, दवाखान्याच्या तक्त्यावर लिहितात तशा तिरप्या अक्षरात एक नोंद होती. ‘श्वास अठरा. शांत.’ हे तिने कधी मोजलं, ते काही त्यांना कळलं नव्हतं.