मोठी लाइन आणि युसूफमियांचा हात

औरंगाबाद स्टेशनात युसूफमियां चहा विकायचे. उंचीनं कमी, त्यांची बीबी गौहर त्यांच्याहून वीतभर उंच. म्हणून बाजार असो की लग्न, मियां तिच्या बरंच पुढं चालायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, "मला घाई असते." पन्नाशी आली तरी घाई काही सरली नाही.

छोटी लाइन होती तोवर निभावलं. खिडक्या त्यांच्या खांद्याशी यायच्या. कप आत, पैसे बाहेर. मग रूळ रुंद करायला लाइन बंद झाली. मियांनी बसस्टँडवर किटली फिरवून दिवस काढले. तिथले चहावाले त्यांना नळाजवळ उभं राहू देत नसत. "बडी लाइन येऊ द्या," मियां म्हणायचे, "थेट मुंबईची गाडी. मग बघा." मोठ्या लाइनीसाठी निघालेल्या मोर्च्यात ते सगळ्यात पुढं होते. मागं राहिले असते तर दिसले नसते, असं बाजारातला हबीब दर्जी म्हणतो. मी नाही म्हणत.

गाडी आली. हारतुरे झाले, पेढे वाटले. मियां कप घेऊन धावले, हात वर केला. फलाट जुनाच, डबे नवे आणि उंच. आतल्या बाईनं हात बाहेर काढला, ह्यांनी टाचा उचलल्या, आणि चहा बाहीतून थेट काखेत उतरला. गाडी गेली. किटली भरलेलीच.

पुढं रोज तेच. मियांनी स्टूल आणलं. पण स्टूल घेऊन डब्यामागं धावणाऱ्याकडनं कुणी चहा घेत नाही, नुसतं बघत बसतं. विक्री अशीच राहिली तर स्टेशनात चहा विकायचा ठेका जाणार, हे उघड होतं. लांब हाताचे दोघं तिघं त्यावर टपलेलेच होते.

एका सकाळी गौहर जेवणाचा डबा घेऊन आली. समोर गाडी उभी. तिनं जरा वेळ बघितलं.

"हटो जी. द्या तो कप इकडं."

"लोक बघतील."

"बघू द्या. चाय तर पितील."

"तू घरी जा."

"जाते. तुम्ही बी चला किटली घेऊन. एवढी चाय घरी कोण पितंय ते बघू."

मियांनी गाडीकडं बघितलं, किटलीकडं बघितलं. कप भरून तिच्या हातात दिला. घरच्या फळीवर ठेवावा तसा तिनं तो खिडकीत ठेवला.

तेव्हापासून मियां ओततात, ती देते. खिडकीतल्या बायका चहा घेता घेता तिच्यापाशी लेकीबाळींची स्थळंही बोलून घेतात. ठेका टिकला. फक्त गिऱ्हाईक आता "गौहरबीची चाय" मागतं. मियांना त्याचं विचारलं, तर म्हणतात, "साखर मी घालतो."